मोरीची दोन्ही तोंडं बंद

४ नोव्हेंबर १९६८, सोमवार. नागपूर.

आलो एकदाचा. रत्नागिरीत बदलीचा कागद हाती पडला तेव्हा शेजारीपाजारी सांत्वनाला येऊन गेले. नागपूर म्हणजे भट्टी, पाणी जड, माणसं तिखट! प्रत्यक्षात स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं तर हवा गुलाबी आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना संत्र्यांच्या टोपल्या. रिक्षावाल्यानं वर्धा रोडनं विमानतळापर्यंत आणताना एवढ्या गप्पा मारल्या की माझ्या सासऱ्यांचं नावसुद्धा त्याला कळलं.

क्वार्टर दोन खोल्यांचं, पुढे पडवी, मागे पेरूचं झाड. फाटकावरचा चौकीदार मारोतराव ट्रंक उचलायला धावत आला. सहा फूट उंच, मिशा पांढऱ्या, आवाज मात्र अगदी मऊ. म्हणाला, आठल्ये साहेब, इथं साप हायत पन सरकारी हायत, काही करत नाहीत. हिला आणि लेकीला, चिमीला, नाताळात घेऊन यायचं ठरवून टाकलं. मी खूश आहे.

६ नोव्हेंबर, बुधवार

आमच्या मोठ्या साहेबांनी पहिलंच काम दिलं ते माझ्या आवडीचं. एकवीस तारखेला दिल्लीहून तपासणी अधिकारी येणार. त्यांच्या हाती द्यायला ‘विमानतळाचा इतिहास व सोयी’ अशी पुस्तिका मी लिहायची.

इतिहास मजेदार आहे. लढाईच्या काळात इथं पक्की धावपट्टी झाली. पुढे मुलकी विमानं आली, आणि हवाई दलही राहिलं. आता अलीकडे आमची इमारत, मनोरा आणि प्रवाशांची बाकं. पलीकडे त्यांचे हँगर, तिथं दुपारभर इंजिनांच्या चाचण्या चालतात, इतक्या की समोरच्याचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागतं. मधे एकच धावपट्टी. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, इथं वीस वर्षं राहिल्यात. पट्टी ओलांडायची तर मनोऱ्यावरून हिरवा दिवा मिळाला पाहिजे. मध्यरात्री चार दिशांची टपाल विमानं इथं एकत्र येतात, पिशव्यांची अदलाबदल करतात आणि आपापल्या वाटेनं परत जातात. मी तेव्हा घोरत असतो.

९ नोव्हेंबर, शनिवार

मैदानावर पावसाळ्यानंतर कमरेएवढं गवत माजतं. ते कापायला आसपासच्या वस्तीतल्या तीस बायका येतात. फाटकाशी एक फळी आहे, तिच्यावर तीस खिळे आणि तीस पितळी बिल्ले. आत जाताना बाई आपला बिल्ला गळ्यात घालते, परतताना खिळ्याला अडकवते. सगळे खिळे भरले की ‘मैदान मोकळे’ या वहीत सही होते, तेव्हाच विमान उतरतं. आजपासून ती सही माझी.

पण काहींची घरं पलीकडच्या अंगाला. त्या कधीकधी पलीकडच्याच फाटकानं बाहेर पडतात आणि बिल्ला सकाळी आणून देतात. मग मारोतराव सायकल मारत लांबचा वळसा घालून तिकडे जातो, विचारून येतो, आणि मगच सही. पाऊण तास मोडतो. याला काही अर्थ आहे?

सतरा नंबरची बाई गोपिका, विशीची असेल. माझ्या हातातली वही पाहून थेट विचारलंन, साहेब, काय लिहून राहिले? इतिहास, म्हटलं. तर म्हणते, मंग माह्या मायचं नाव टाका, रुखमाबाई. ह्या पट्टीची गिट्टी तिनं फोडली, सिमेंटबी कालवलं. मी हसलो. पुस्तिकेत गिट्टी फोडणाऱ्यांची नावं नसतात, असं समजावलं. ती म्हणाली, काहून नसतात? मी जरा रागावलोच.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज फजिती. विमान टेकायच्या बेतात आणि पट्टीवर दोन कुत्री! वैमानिकाला पुन्हा वर जावं लागलं. साहेबांनी सगळ्यांदेखत मला झापलं.

कुत्री येतात मोरीतून. धावपट्टीच्या पोटातून पावसाचं पाणी काढणारी ही मोरी, माणूस वाकून, पुढं रांगत जाईल एवढी. एक तोंड आमच्याकडे, दुसरं हवाई दलाकडे. गवतवाल्या बायका दुपारी तिच्या सावलीत भाकरी खातात. पुढचा पावसाळा येईपर्यंत दोन्ही तोंडं विटांनी बुजवून ठेवायची अशी सूचना मी मांडली आणि ती मंजूर झाली. जुना नियम एकच आहे: जो शेवटी बंद करील त्यानं आधी आपला माणूस या टोकापासून त्या टोकापर्यंत आतून पाठवायचा. पलीकडच्यांना मी फोनवर सांगून टाकलं, तुम्ही निश्चिंत बंद करा, शेवटचं तोंड आमचं, माणूस आमचा.

२० नोव्हेंबर, बुधवार

काम फत्ते. दुपारी दोनच्या ठोक्याला मोरीची दोन्ही तोंडं बंद. आमचा गवंडी इतका चपळ की पलीकडची आणि आमची शेवटची वीट एकाच वेळी बसली. तसा अहवालही लिहिला: ‘बंद करण्यापूर्वी माणूस आत पाठवून खात्री करून घेतली.’ संध्याकाळी वहीत तीस आत, तीस बाहेर. सही. पुस्तिका छापून आली आहे, शाईचा वास अजून ओला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

तपासणी उत्तम झाली. दिल्लीकरांना पुस्तिका फार आवडली. दुपारी त्यांना मैदान दाखवलं, मोरीचं नवं बांधकाम दाखवलं. मधेच मला खोकल्याची मोठी उबळ आली, बाकी सगळं झकास. बढतीचं सूतोवाच झालं. हिला पत्र टाकलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी फाटकाशी एक म्हातारी बसलेली. पांढरं लुगडं, ताठ पाठ. ही रुखमाबाई, गोपिकाची आई. पोरगी परवापासून घरी आली नाही म्हणते. ताप होता तिले, मोरीत जाऊन पडते म्हनली होती. बाकीच्या बायकांना वाटलं, ती पलीकडच्या फाटकानं घरी गेली. आईला वाटलं, ती मावशीकडे राहिली.

मी वही दाखवली. तीस आत, तीस बाहेर. तिनं वहीकडे पाहिलं नाही, फळीकडे पाहिलं. बाकीचे बिल्ले लटकत होते, सतराव्या खिळ्याला काही नव्हतं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

पोलीस येऊन गेले. वही पाहिली, अहवाल पाहिला आणि समाधान झालं. मुलगी गेली कुठं मग? असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो की वाडी गावच्या गोदामांकडचे ट्रकवाले या रस्त्यानं जा-ये करतात, तरण्या पोरींचं काय सांगावं. हवालदार हसला. मीही हसलो.

तासाभरात ते वस्तीभर झालं. रुखमाबाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, मेली असन तं मेली म्हना साहेब, पन पळाली म्हनू नका. मी म्हटलं, बाई, देवाला साकडं घाला. ती म्हणाली, दीक्षा घेतली तवापासून देवाले सांगनं आमी सोडलं, बारा वर्सं झाले. म्हनून तुमालेच सांगून राहिली. भिंत फोडा.

भिंत फोडायची म्हणजे मोठ्या साहेबांना कारण लिहून द्यावं लागेल. मी तिला बाहेर काढायला लावलं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

मारोतरावानं बोलावलं म्हणून फळीपाशी गेलो. सतराव्या खिळ्याला बिल्ला लागलेला. मी म्हटलं, बघ, आली ना परत? त्यानं बिल्ला काढून पुढे केला. बिल्ला हातात घेतला तर थंडगार आणि ओला, कडांना सिमेंट.

तो म्हणतो, काल सकाळी खिळा रिकामा होता, संध्याकाळी बिल्ला. आज सकाळी पुन्हा रिकामा, आता पुन्हा बिल्ला. रोज मोजून एकोणतीस बाया आत जातात साहेब, अन् तीस बिल्ले जातात. मी म्हटलं, कोणीतरी चेष्टा करतं आहे. मारोतरावाला दम दिला. त्यानं दम ऐकून घेतला आणि विचारलं, साहेब, त्या दिवशी माणूस धाडला होता ना आत?

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन वाजता टेबलाखाली ठोका. मग दोन. मग तीन सावकाश. फरशीखाली उंदीर असतील म्हणून वर मनोऱ्यात गेलो. तीन मजले वर, खाली निव्वळ जिना. तिथंही, माझ्या बुटांच्या बरोबर खाली. मनोऱ्यातल्या पोराला काही ऐकू आलं नाही.

ही रोजनिशी माझी आहे. इथं तरी खरं लिहितो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं आहे.

वीस तारखेला मी माणूस आत पाठवला नाही. सिमेंट कालवून तयार होतं, दुसऱ्या सकाळी दिल्लीकर यायचे होते. मारोतराव म्हणाला होता, सतरा नंबर दिसत नाही, सायकलनं जाऊन येतो. मी म्हणालो, गप बस. आणि वहीत तीस लिहिलं.

एकवीसला दिल्लीकर आणि मी बरोबर मोरीवर उभे होतो. पलीकडे इंजिनं गर्जत होती. ती क्षणभर थांबली तेव्हा खालून ठोके आले. हातानं मारलेले. दिल्लीकरांनी विचारलं, हे काय? कुत्री असतील, म्हटलं. आणि मग मी मोठ्यानं खोकलो. खोकत राहिलो, इंजिनं परत सुरू होईपर्यंत. मग धावपट्टीची लांबीरुंदी सांगितली.

म्हणजे तेव्हा ती जिवंत होती. चोवीस तास झाले होते आणि ती जिवंत होती.

२ डिसेंबर, सोमवार

खोकला. दोनच्या ठोक्याला सुरू होतो आणि थांबत नाही. डॉक्टर म्हणतात छाती स्वच्छ आहे. रुमालावर राखाडी पूड पडते. बोटांत चोळली. सिमेंट आहे.

खोटा खोकलो होतो, आता खरा खोकतो.

आणि तीस लिहिले होते, ते रोज तीस होतात.

३ डिसेंबर, मंगळवार

दुपारी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, पट्टीवर कुत्री कुठून आली? मोरी तर बंद आहे. मी खिडकीतून पाहिलं. दोन कुत्री मोरीच्या बांधकामापाशी बसलेली, आमच्या खोलीकडे तोंड करून. जीप गेली, ती हलली नाहीत. जीप जवळ गेली तर तिथं काही नव्हतं. ड्रायव्हर घामाघूम होऊन आला.

मी जे जे खोटं बोललो ते ते ही मुलगी खरं करून दाखवते आहे. एकेक. घाई नाही तिला.

हिला तार केली: येऊ नका.

४ डिसेंबर, बुधवार

पळाली असं बोललो होतो. आज वाडीकडून आलेला एक ट्रक-ड्रायव्हर फाटकावर मारोतरावाला सांगत होता की गवताचा भारा घेतलेल्या एका पोरीला त्यानं वर्धा रोडवर बसवून घेतलं. विमानतळाशी उतरव म्हणाली. उतरवायला वळला तर बाजूची जागा ओली, आणि सीटवर सिमेंटची बोटं. कुठं जायचं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं होतं, आठल्ये साहेबाच्या घरी.

मारोतरावानं हे मला सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

तेही खरं केलंन. मग उरलं काय?

कपाटातून अहवालाची प्रत काढून रात्रभर वाचतो आहे. एकच वाक्य उरलं आहे. माणूस आत पाठवून खात्री करून घेतली.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज गवतवाल्या बायका आल्या नाहीत. सहा तारखेला त्या येत नाहीत, सगळी वस्ती दीक्षाभूमीवर जाते. मैदान रिकामं. फळीवर एकोणतीस बिल्ले.

सतरावा खिळा रिकामा. ती कामावर आहे.

रुखमाबाईही गेली नाही. एकटी फाटकाशी बसून होती. मी तिच्याजवळ गेलो आणि खाली बसलो, आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पातळीला. सांगून टाकलं सगळं. सायकल, वही, खोकला. हात जोडले. माझी मुलगी पाच वर्षांची आहे म्हणालो, नोकरी जाईल, तुरुंगात जाईन. उद्या दुपारी साडेतीनपर्यंत विमान नाही, पलीकडेही सुट्टी आहे, चार विटा काढून मी स्वतः आत जातो, तुमची मुलगी तुमच्या हाती देतो, तुम्ही फक्त कोणाला—

तिनं गवताकडे पाहिलं. मग म्हणाली, माह्या पोरीनं तुमाले दोन दिवस हाका मारल्या असतीन. अन् म्हणाली, या उद्या. मी असतो तिथं.

मला हलकं वाटलं. शेवटचं वाक्य मी आपण होऊन खरं करीन. मग तिला माझ्याकडून घेण्यासारखं काही उरणार नाही.

७ डिसेंबर. दुपार.

पेन्सिलीनं लिहितो आहे. मोरीत. टॉर्च दातांत.

एक वाजता मारोतरावानं पहारेनं आमच्या तोंडाच्या विटा काढल्या. नीट, एकेक, बाजूला रचून. मी म्हटलं, फेकून दे, काय रचतोस. तो म्हणाला, कामाच्या हायत. मग पहार ठेवली आणि गेला. मी येत नाही म्हणाला. रुखमाबाई विटांपाशी बसली होती, जवळ घमेलं. घमेलं कशाला, विचारायला हवं होतं.

तीस पावलं रांगत आलो असेन. वास नाही. वास यायला हवा होता, सतरा दिवस झाले.

भिंतीवर हाताचे ठसे आहेत. खालून वर. दोन्ही बाजूंनी.

पलीकडचं तोंड आलं. विटा आतून रक्तानं काळ्या. विळा पडला आहे, टोक मोडलेला. भाकरीचं फडकं घडी घालून ठेवलेलं. ती नाही. इथं कोणी नाही—

मागे फिरलो.

ती माझ्या आणि उजेडाच्या मधे आहे. गुडघ्यांवर. माझ्याकडे पाठ. बाहेर चालली आहे, सावकाश. मी हाक मारली. गोपिका. नाव घेतलं तिचं. ती थांबली नाही. तिच्या मागे मी—पाय हलेना. गुडघ्यांखालचं सिमेंट ओलं आहे. ओलं कसं? पंचवीस वर्षांपूर्वीचं—

पाय रुतले आहेत.

पलीकडे इंजिन सुरू झालं. सुट्टी होती ना? सुट्टी होती.

ती बाहेर पोचली. म्हातारीनं हात दिला. दोघी तोंडाशी बसल्या आहेत, उजेडात. गोपिकाच्या केसांतलं गवत आई काढते आहे. बोलताहेत. इंजिन मधेच थांबतं तेव्हा ऐकू येतं. आज काय रांधलं वं माय? वांग्याची भाजी, जवारीची भाकर. तेल आहे का घरात. आहे थोडं.

मी ओरडतो आहे. माझं नाव सांगितलं. चिमीचं नाव सांगितलं.

म्हातारी घमेल्यात काहीतरी कालवते आहे. पाठ ताठ. हात सराईत. गिट्टी फोडली, सिमेंटबी कालवलं—मी लिहिलं नाही तिचं नाव. लिहितो. रुखमाबाई. रुखमाबाई. बघा, लिहिलं, वहीत आहे, रुखमाबाई—

पहिली रांग झाली. दुसरी.

बंद करण्यापूर्वी. असं लिहिलं होतं मी. बंद करण्यापूर्वी माणूस आत.

मुलगी वीट देते, आई बसवते. म्हातारीनं एकदाच आत पाहिलं. थेट माझ्याकडे. राग नाही चेहऱ्यावर. पोरीला म्हणाली, भूक लागली असन तुले, चाल आता, एवढी एक लावतो अन्—

एका विटेएवढा उजेड. त्यात तिचा हात—